ओठातला फोड आणि घरातली सुई

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. आठवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला मी उतारा वाचायला उभं केलं. एरवी हा मुलगा घडाघडा वाचणारा. घरात दखनी बोलतात, पण मराठीचे उच्चार इतके स्वच्छ की स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन दरवर्षी त्याच्याकडेच असतं. त्या दिवशी मात्र ‘प’, ‘ब’, ‘म’ आले की तो अडखळत होता. खालचा ओठ एका बाजूला फुगलेला दिसत होता आणि जीभ सारखी तिथे जात होती.

आमच्या भागात मुलाच्या खालच्या ओठात असा फुगवटा दिसला की शिक्षकाच्या मनात एकच गोष्ट येते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा कायदा आहे. तशी पाटी आमच्या भिंतीवर आहे. पाटीसमोर टपरीही आहे. मी म्हणाले, “आधी तोंडातलं थुंकून ये, मग वाच.” वर्ग हसला. “मॅडम, काही नाही तोंडात,” तो म्हणाला. मी ऐकलं नाही. त्याच्या वहीत वडिलांसाठी चार ओळी लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी वडील आले. रिक्षा चालवतात, सकाळचा धंदा सोडून आले होते. चिडलेले नव्हते, त्यामुळे मलाच जास्त अवघडल्यासारखं झालं. त्यांनी मुलाला स्टाफरूमच्या खिडकीजवळ उभं केलं आणि म्हणाले, “ओठ उलटून दाखव मॅडमना.” आत, मधल्या रेषेच्या जरा डावीकडे, वाटाण्याएवढा निळसर, चकचकीत बुडबुडा होता. आत पाणी भरल्यासारखा दिसत होता.

मी त्या मुलाची माफी मागितली. वर्गात मागितली, कारण बोलले होते वर्गातच. त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. नाव तेवढं देत नाही.

वडिलांशी बोलताना कळलं की हा फोड दोन महिन्यांपासून होता आणि तोवर घरात त्याच्यावर बरेच प्रयोग झाले होते. आधी दादींनी सांगितलं, अंगात उष्णता झाली आहे. मग सब्जा, गुलकंद. ते खायला चांगलंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. मग अम्मीने शिवणाची सुई गॅसवर लाल करून फोड टोचला. आतून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट पाणी आलं, ओठ सपाट झाला आणि घराने सुटकेचा श्वास टाकला. पंधरा दिवसांत फोड परत आला. पुन्हा सुई. तिसऱ्या वेळी शेजारच्या कोणीतरी विड्याचा चुना लावायला सांगितला. चुन्याने ओठाची आतली कातडी भाजली, दोन दिवस पोराला जेवता आलं नाही आणि फोड होता तिथेच राहिला. शिवाय ‘लागेल दुसऱ्याला’ म्हणून त्याचा पाण्याचा पेला वेगळा केला होता. धाकटी बहीण त्याच्या शेजारी जेवायला बसायची नाही.

मी डॉक्टर नाही, बीएड झालेली शिक्षिका आहे. पण त्या मुलाबरोबर दवाखान्यात गेले, डॉक्टरांना प्रश्न विचारले आणि मग मिळेल ते वाचलं. ते इथे सांगते, कारण ती सुई आपल्या बहुतेक घरांत आहे.

या फोडाला डॉक्टर म्युकोसील म्हणतात. तो का होतो हे कळण्यासाठी आधी लाळ कुठून येते ते पाहू. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. याखेरीज ओठ, गाल आणि टाळूच्या आतल्या ओलसर कातडीखाली मोहरीच्या दाण्यांसारख्या बारीक ग्रंथी असतात. त्यांची संख्या ६०० ते १००० च्या घरात सांगतात. सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. घरी मुलांना दाखवायचं असेल तर आरशासमोर खालचा ओठ उलटा, स्वच्छ कापडाने आतला भाग कोरडा करा आणि मिनिटभर तसाच धरा. हळूहळू टाचणीच्या टोकाएवढे थेंब उमटायला लागतात. प्रत्येक थेंबाखाली एका ग्रंथीचं तोंड असतं. मी हा प्रयोग वर्गात केला. त्या तासाला कोणाचंही लक्ष खिडकीबाहेर गेलं नाही.

आता शेतातली ठिबकची नळी आठवा. उंदराने ती मधेच कुरतडली तर पाणी झाडाच्या मुळाशी न जाता तिथल्या मातीत झिरपतं आणि चिखलाचं डबकं होतं. ओठात हेच होतं. दात ओठात रुततो, क्रिकेटचा चेंडू लागतो, सायकलवरून पडून ओठ फाटतो किंवा ओठ चावायची सवय असते. त्यात ग्रंथीची केसासारखी नळी तुटते. ग्रंथीला ते कळत नाही, ती लाळ तयार करतच राहते. ती लाळ कातडीखाली साचते आणि बुडबुडा होतो. सुईने टोचलं म्हणजे डबक्यातलं पाणी उपसलं. नळी तुटलेलीच आहे, डबकं पुन्हा भरणार. अम्मीच्या हाताचा दोष नव्हता, ती जे करत होती त्याने ते बरं होण्यासारखंच नव्हतं.

दुसरा प्रकार थोडा वेगळा आहे. ठिबकचं छिद्र क्षाराने बुजतं तशी नळी तुटत नाही, पण तुंबते आणि मागे फुगते. हा प्रकार मोठ्या वयात जास्त दिसतो. मुलांत आणि तरुणांत पहिलाच प्रकार नेहमीचा, आणि खालचा ओठ ही त्याची ठरलेली जागा, कारण वरचे सुळे तिथेच लागतात.

‘तोंड आलं’ आणि हा फोड यांत आपण गल्लत करतो. तोंड आलं की जखम सपाट असते, मधे पांढरी आणि कडेला लाल. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि बहुधा आठ-पंधरा दिवसांत ती आपोआप भरते. म्युकोसील वर आलेला असतो, मऊ असतो, सहसा दुखत नाही. कधी जेवताना फुटतो, खारट चिकट पाणी येतं, नाहीसा होतो आणि काही दिवसांनी त्याच जागी परत येतो. तो कोणाकडून लागत नाही, कोणाला लागतही नाही. ती कर्करोगाची गाठ नाही. हे ऐकल्यावर त्याच्या अम्मीने सगळ्यात आधी तो वेगळा पेला मांडणीतल्या इतर पेल्यांत ठेवला.

मग उपचार काय? छोटा, वरवरचा बुडबुडा असेल आणि मूल लहान असेल तर डॉक्टर काही आठवडे थांबायला सांगतात. काही फोड फुटून खरोखरच जातात. पण जो पुन्हा पुन्हा भरतो, ज्याची कातडी जाड आणि पांढरट झाली आहे, जो बोलताना किंवा खाताना आड येतो, तो काढावा लागतो. गोळी, मलम किंवा अँटिबायोटिकने तुटलेली नळी जुळत नाही. ओठाला भुलीचं इंजेक्शन देतात, बदामी आकाराचा छेद घेतात, बुडबुडा काढतात आणि त्याच्या तळाशी असलेल्या, साबुदाण्यासारख्या दिसणाऱ्या बारीक ग्रंथीही काढतात. त्या शेकडोंपैकी चार-पाच गेल्याने लाळ कमी पडत नाही.

ग्रंथी काढण्याची ही गोष्ट महत्त्वाची का, ते आम्ही पैसे मोजून शिकलो. पहिल्या ठिकाणी या मुलाच्या बुडबुड्याचं नुसतं छप्पर कापलं. दहा मिनिटांचं काम, टाकाही नाही. महिनाभराने, जानेवारीत, फोड हजर. वडील म्हणाले, “मॅडम, सुईचेच पैसे दिले म्हणायचे.” मग आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी, दंत महाविद्यालयाच्या मुखशल्य विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी फोडाआधी त्याचे दात पाहिले. वरचा सुळा बाहेर आलेला होता आणि परीक्षा जवळ आली की खालचा ओठ दातांत धरून चोखायची त्याला सवय होती. त्या म्हणाल्या, फोड मी काढीन, पण सवय राहिली तर शेजारची दुसरी नळी तुटेल. त्यांनी सुळ्याची धार गुळगुळीत केली आणि तार लावण्यासाठी दुसऱ्या विभागाची चिठ्ठी दिली.

शस्त्रक्रियेला अर्धा तास लागला. चार टाके. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला. साधाच दिसत असला तरी तो पाठवतात आणि पाठवायलाच हवा. दुसऱ्या दिवशी ओठ इतका सुजला होता की दादी घाबरल्या, पण तीन-चार दिवसांत सूज उतरली. त्याला सांगितलेल्या गोष्टी अशा: भूल उतरेपर्यंत ओठ चावायचा नाही, कारण तो बधिर असतो आणि दात लागलेला कळत नाही. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, तोंडात पाणी घेऊन हळूच सोडायचं. थंड, मऊ खायचं, रश्शाची तरी काही दिवस लांब. जिभेने टाके चाचपायचे नाहीत. ही शेवटची सूचना तेरा वर्षांच्या मुलाने पाळली असेल असं मला वाटत नाही.

एक धोका डॉक्टर आधीच सांगतात, त्याला घाबरू नका. ओठात संवेदनेच्या नसांचे बारीक धागे असतात. त्यातला एखादा दुखावला तर थोडी जागा काही आठवडे, क्वचित जास्त दिवस, बधिर राहते. या मुलाला टाक्याजवळ महिनाभर मुंग्या यायच्या, आता येत नाहीत. लेझरनेही हे काम करतात, रक्त कमी येतं. मोठा बुडबुडा असेल आणि मूल फारच लहान असेल तर कधी बुडबुड्यातून जाड दोरा ओवून आठवडाभर ठेवतात, त्यामुळे लाळेला नवं तोंड तयार होतं. पण काढायचंच ठरलं असेल तर साधन कोणतंही असो, एक प्रश्न आधी विचारा: “फोडाबरोबर खालची ग्रंथी काढणार ना?”

तारीख ठरवताना वडिलांचा विचार होता की रमजानच्या सुट्टीत करू. मुलाला रोजे ठेवायचे होते. डॉक्टरीण बाईंनीच सुचवलं की रमजानच्या आधी पंधरा दिवस करा. पहिले काही दिवस वेळेवर गोळ्या आणि थोडं-थोडं मऊ खाणं लागतं, ते रोज्यात जमत नाही. तातडीचं नसेल तर हे सोयीचं पडतं. तातडीचं असेल तर थांबू नका. रोज्याचं काय करायचं ते तुमच्या मशिदीतल्या मौलाना साहेबांना विचारा, तो माझा विषय नाही.

खर्चाचंही सांगते. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, पुण्यात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. इतर जिल्ह्यांतही खासगी दंत महाविद्यालयं बरीच आहेत. अशा ठिकाणी वेळ जास्त जातो, रांग असते, पण वरिष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम होतं आणि फी खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी पडते. रेशनकार्ड बरोबर ठेवा. योजनेत काही बसतं का ते जिथे आरोग्यमित्राचं टेबल असेल तिथे विचारा.

आता जिभेखालच्या फोडाकडे येते, कारण तो दिसायला या ओठातल्यासारखाच असतो, पण प्रकरण मोठं असतं. जिभेखाली, बहुधा एका बाजूला, निळसर फुगा येतो. कधी इतका वाढतो की जीभ वर उचलली जाते, शब्द बोबडे होतात, घास गिळायला त्रास होतो. कधी तो तोंडाच्या तळाच्या स्नायूतल्या फटीतून खाली उतरतो आणि हनुवटीखाली, गळ्यावर मऊ सूज दिसते. लोक तिला गळ्याची गाठ समजतात. इथे गळती जिभेखालच्या मोठ्या ग्रंथीची असते. नुसतं छप्पर कापलं तर हा फुगा फार वेळा परत येतो, म्हणून पक्का उपचार म्हणजे त्या बाजूची जिभेखालची ग्रंथीच काढणं. त्याच जागी जिभेची नस आणि जबड्याखालच्या ग्रंथीची नळी जाते, म्हणून हे काम मुखशल्यतज्ज्ञाचं किंवा कान-नाक-घशाच्या सर्जनचं, बहुधा पूर्ण भूल देऊन, आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय पाहून. इथे घरची सुई लावली तर रक्तस्राव होऊ शकतो. जंतू गेले आणि जिभेखाली सूज वाढली तर श्वासाचा प्रश्न उभा राहू शकतो.

या फोडाचं नाव रॅन्युला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटा बेडूक, कारण फुगा बेडकाच्या फुगलेल्या पोटासारखा दिसतो. हे वाचताना मी थबकले. आपल्याकडच्या जुन्या अरबी वैद्यकातही या फोडाला बेडूकच म्हणतात, दिफ्दअ. उर्दूत आपण तो शब्द ‘जिफ्दा’ असा म्हणू. स्पेनमध्ये, कुर्तुब्याजवळच्या मदिनतुज्जहरा गावचे अबुल कासिम अज-जहरावी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास ‘अत-तसरीफ’ हा ३० भागांचा ग्रंथ लिहिला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, हत्यारांच्या चित्रांसकट. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या डॉक्टरांनी तो पुढे कित्येक शतकं वाचला. त्यात जिभेखालच्या या बेडकावर एक छोटं प्रकरण आहे. जहरावी सांगतात की रोग्याचं तोंड उन्हाकडे करून आधी नीट बघा. फोड काळसर, कठीण आणि संवेदना नसलेला असेल तर हात लावू नका, तो कर्करोग आहे. पांढरट आणि ओलसर असेल तर आकड्याने धरून कापून काढा. भूल नव्हती, टाचणीएवढा दिवा नव्हता, सूर्याच्या उजेडात काम. तरीही हत्यार उचलण्याआधी फोड मऊ आहे की कठीण हे बघायचं त्यांनी लिहून ठेवलं होतं. आपण सुई आधी उचलतो.

आज कठीण गाठीला हात लावू नका असं कोणी म्हणत नाही, उलट तीच आधी दाखवा म्हणतात. हे माझ्याच घरात उपयोगी पडलं. मुलाच्या टाक्यांची गोष्ट मी जेवताना सांगत होते. माझ्या खाला ऐकत होत्या. म्हणाल्या, “मलाही तसाच फोड आहे, चार महिने झाले. दुखत नाही म्हणून बोलले नाही.” खालांचं वय बासष्ट, मिश्री लावायची सवय लग्नाआधीपासूनची. मी ओठ उलटायला सांगितला. त्यांची गाठ वरच्या ओठात होती. निळी नाही, मऊ नाही. बोटाला चिंचोक्यासारखी कठीण लागत होती.

वरच्या ओठात म्युकोसील क्वचितच होतो. तिथे, किंवा टाळूवर, कठीण गाठ आली तर ती लाळग्रंथीचीच खरी गाठ असू शकते. ती साधी असते किंवा नसते, आणि ते बाहेरून कळत नाही. तशीच दुसरी एक गाठ: जेवायला बसलं की जबड्याखाली फुगते, दुखते आणि नंतर उतरते. ती बहुधा लाळेच्या नळीतल्या खड्याची. आणि ओठावर दाबलं की पांढरा पडणारा जांभळा फोड रक्तवाहिन्यांचा असू शकतो, त्याला टोचलं तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून कुठलीही गाठ किंवा जखम तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली तर दाखवा. तंबाखू, गुटखा, मिश्री असेल आणि गाठ कठीण असेल, रक्त येत असेल किंवा जागा बधिर झाली असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

खाला यायला तयार नव्हत्या. “या वयात तोंड कोणाला उघडून दाखवू?” असं म्हणाल्या. मी सांगितलं की डॉक्टर बाई आहेत. तरी दोन गुरुवार टाळले. शेवटी त्या मुलाच्या वडिलांनी रिक्षा दाराशी आणून उभी केली आणि मुलाने आत येऊन स्वतःचा ओठ उलटून दाखवला. जखमेची रेघ शोधावी लागत होती. खाला उठल्या, बुरखा घातला आणि रिक्षात बसल्या.

गाठ कडेच्या थोड्या भागासकट काढली. रिपोर्ट दहा दिवसांनी आला: लाळग्रंथीची साधी गाठ, कर्करोग नाही. मात्र मिश्री ठेवायच्या जागी, खालच्या हिरडीला लागून, डॉक्टरीण बाईंना एक पांढरा चट्टा दिसला. त्याचाही तुकडा तपासला. तो आज बिघडलेला नाही, पण मिश्री आजच बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, असं सांगून त्यांनी तारीख लिहून दिली. घरी आल्यावर खालांनी मिश्रीची डबी माझ्या हातात दिली. दुसरी डबी कुठे आहे ते त्यांच्या सुनेला माहीत आहे, तिच्याशी माझं बोलणं झालं आहे.